बाराच्या ठोक्याला रिकामी खाडी

"फोटो फारच सुंदर आहेत, उर्वी," खाडी मंडळाच्या वर्तक मॅडम म्हणाल्या. "पण यात पक्षी कुठं आहेत?"

शाळेच्या सभागृहात सगळं कांदळपाडा गाव जमलं होतं. पडद्यावर एकामागून एक फोटो सरकत होते. चैत्रातली पिवळसर झाडी, श्रावणातलं काळंभोर आभाळ, कार्तिकातलं कोवळ्या उन्हातलं पाणी. ऊन म्हणू नका, पाऊस म्हणू नका, बारा वर्षांच्या उर्वी तांडेलनं वर्षभर गावामागच्या पाणथळीचे फोटो काढले होते. आणि त्या सगळ्यांत मिळून पक्षी किती? एक बगळा, तोही पाठमोरा!

"जिथं पक्षी उतरत नाहीत, ती जागा संरक्षित यादीत ठेवता येत नाही," मॅडम म्हणाल्या. आवाज मऊ होता, पण शब्द मऊ नव्हते. "दहा दिवसांनी मी सही करायला येईन. मग तिथं बांध घालून कोळंबीची तळी करतील. तुझ्या फोटोंमुळं निर्णय सोपा झाला बघ. वर्षभराचा इतका शिस्तशीर पुरावा मोठी माणसंही देत नाहीत."

उर्वीच्या पायाखालची वाळूच सरकली. तिनं फोटो काढले होते ते पाणथळ वाचवायला. आणि बुडवणारीही तीच ठरली! लोक टाळ्या वाजवत होते, आणि तिला मात्र खुर्चीखाली शिरावंसं वाटत होतं.

शेजारी आजोबा बसले होते. ते समुद्रवैज्ञानिक. सारा जन्म भरती-ओहोटीच्या अभ्यासात गेलेला. तरुणपणी त्यांनी याच चिखलावर रोहित पक्ष्यांचे गुलाबी थवेच्या थवे पाहिले होते. 

"गेले म्हणायचे सगळे," ते पुटपुटले.

आता हे फोटो कसे काढले होते, ते सांगायला हवं. उर्वीकडे एक यंत्रमानव होता. त्याचे पाय लांबलचक, मान आखूड आणि डोळ्यांच्या जागी कॅमेऱ्याची भिंगं. बॅटरी वाचवायला तो एक पाय पोटाशी घेऊन चिखलात तासन्‌तास उभा राही. खाडीकाठच्या ढोकरी बगळ्यासारखा दिसतो म्हणून पोरांनी त्याला ढोकरी नाव ठेवलं, आणि नावाबरोबर त्याची 'ती' झाली. ढोकरी हुशार होती, पण एक खोड होती. विचारलं तेवढंच सांगायची. जास्तीचा शब्द म्हणजे जास्तीची बॅटरी!

पाणथळीपर्यंत पायवाट नाही. मधे कमरेएवढा चिखल आणि दाट कांदळवन. ढोकरीला तिथं सोडायचं तर बाबांची होडी हवी, आणि होडी मोकळी असे ती फक्त पुनवेला आणि अवसेला. कांदळपाड्याची तशी रीतच होती. पुनव-अवस आली की होड्या बंद, त्या दिवशी समुद्राला विश्रांती. म्हणून दर पुनवेला आणि अवसेला उर्वी बाबांबरोबर जाई, ढोकरीला ठरल्या जागी उभी करी आणि दुपारी बाराच्या ठोक्याला ढोकरी आपोआप फोटो घेई. आजोबांनी शिकवलंच होतं तसं, "एकच जागा, एकच चौकट, एकच वेळ. तरच दोन फोटोंची तुलना खरी." उर्वीनं तो नियम इतका पाळला, की पावसाळ्यात मासेमारी बंद असल्यानं होडी रोज मोकळी असे, तरीही तिनं पुनव-अवस सोडली नाही.

तर त्या सभेच्या धक्क्यात उर्वी ढोकरीला साफ विसरली. सभा होती पुनवेची. सकाळी पाणथळीत सोडलेली ढोकरी तिथंच राहिली. आठवण झाली दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, आणि तोवर बाबा खोल समुद्रात मासेमारीला निघून गेले होते.

बाबा परतले ते अष्टमीला. संध्याकाळच्या भरतीबरोबर खाडीत शिरताना वाटेतच त्यांनी ढोकरीला उचललं आणि अंगणात आणून ठेवलं. चिखलानं ती नखशिखांत माखली होती.

"धर गो तुझी बाय," बाबा म्हणाले. "इतके दिस उभी होती, पन जागची हलली नाय."

उर्वीनं तिला पुसलं आणि सवयीनं तिच्या पोटावरचा छोटा पडदा सुरू केला. पाहते तो काय! पुनवेनंतरही ढोकरीनं रोज बाराला फोटो काढले होते. पहिल्यात नेहमीसारखं तुडुंब पाणी. पुढच्यात पाणी जरा खाली. मग आणखी खाली. आणि शेवटचा, आज दुपारचा फोटो पाहून उर्वी किंचाळलीच.

"आजोबा!"

आजोबा चहाचा कप हातात घेऊनच धावले. पडद्यावर पाणी नव्हतंच. लांबवर चकाकता चिखल, आणि त्या चिखलात पाय ठेवायला जागा नाही इतके पक्षी! चोची खुपसून किडे टिपणारे चिमुकले तुतवार, तुरुतुरु पळणाऱ्या चिखल्या, आणि मागे रोहित पक्ष्यांची गुलाबी रांगच रांग. आजोबांच्या कपातला चहा त्यांच्याच धोतरावर सांडला, तरी त्यांना पत्ता नाही.

"ढोकरी, हा फोटो कुठला?" उर्वीनं विचारलं.

"तिथलाच. मी हलले नाही."

"मग वर्षभर पक्षी का दिसले नाहीत?"

"वर्षभर मला पुनवेला आणि अवसेला नेलं. त्या दिवशी बाराला भरती असते."

आजोबा मटकन ओट्यावर बसले. 

"हात्तिच्या!" ते म्हणाले. "जन्मभर भरतीचं गणित केलं, आणि नातीला नियम सांगताना तेच विसरलो! काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा."

"पण भरती तर रोजच येते ना, आजोबा?"

"रोज येते, पण रोज एकाच वेळेला येते का?" आजोबांनी हातानं पृथ्वी आणि चंद्र करून दाखवले. "समुद्राच्या पाण्याला मुख्यतः चंद्र ओढतो. पृथ्वी स्वतःभोवती एक फेरी मारते, तोवर चंद्र आपल्या वाटेवर थोडा पुढं सरकलेला असतो. त्याला गाठायला पृथ्वीला आणखी सुमारे पाऊण तास फिरावं लागतं. म्हणून भरती रोज पाऊणएक तास उशिरा येते. आपल्या किनाऱ्याला पुनवेला आणि अवसेला ती दुपारी बाराच्या सुमारास असते. तीसुद्धा उधाणाची (सूर्य आणि चंद्र मिळून ओढतात तेव्हा येणारी सर्वांत मोठी भरती). अष्टमीपर्यंत रोज सरकत सरकत ती जाते संध्याकाळी सहावर. आणि भरती-ओहोटीत अंतर सुमारे सहा तासांचं. मग अष्टमीला दुपारी बाराला काय असेल?"

"ओहोटी!" उर्वी म्हणाली. मग तिचा चेहरा पडला. "म्हणजे मी नेमकी पाणी भरलेलं असतानाच जात होते. दर वेळी. पण गावात एकालाही पक्षी कसे दिसले नाहीत?"

याचं उत्तर बाबांनी दिलं. "अगो, होडी पान्यावर चालते, चिखलावर नाय. आम्ही जातो भरतीला नि येतो भरतीला. ओहोटीचा चिखल बघतो कोन?"

हे ऐकून तर उर्वीचं डोकंच गरगरलं. सगळं गाव रोज ये-जा करत होतं आणि सगळ्या गावाला एकच अर्धी खाडी दिसत होती!

"ये, तुला गंमत दाखवतो," आजोबा म्हणाले. ते अंगणातल्या झोपाळ्यावर बसले आणि झोका घेऊ लागले. "डोळे मीट. मी 'आता' म्हणेन तेव्हाच क्षणभर उघडायचे."

"आता!" उर्वीनं डोळे उघडले. झोपाळा पुढं, पेरूच्या झाडापाशी. "आता!" पुन्हा पेरूपाशी. "आता!" पुन्हा तिथंच.

"तुम्ही थांबलात का?" उर्वीनं डोळे मिटूनच विचारलं.

"छे गं! पुढं-मागं जोरात चाललोय. पण मी पुढं आलो की मगच 'आता' म्हणतो. म्हणून तुला वाटतं, झोपाळा पेरूपाशी चिकटलाय. याला म्हणतात नमुना घेणं (मोठ्या गोष्टीतले थोडेच तुकडे पाहून सगळीचा अंदाज बांधणं). एखादी गोष्ट तालात फिरत असेल आणि तुझं पाहणंही त्याच तालात असेल, तर तुला नेहमी एकच बाजू दिसते. तुझा एकही फोटो खोटा नव्हता, उर्वी. पण सगळे मिळून खोटं बोलले. आणि तो नियम माझा होता, तेव्हा चूक माझी."

आजोबांना असं हरलेलं उर्वीनं कधी पाहिलं नव्हतं. तिला त्यांचा राग यायला हवा होता, पण आलं रडू. तिनं नाक पुसलं आणि विचारलं, "भरतीला पक्षी जातात कुठं?"

"उंच, कोरड्या जागी. मिठागरांवर, बांधांवर. पाणी ओसरायची वाट बघत बसतात बिचारे. त्यांचं ताट म्हणजे तो चिखल. तळी झाली की ताटच गेलं."

दशमीला सगळं गाव पुन्हा सभागृहात जमलं आणि वर्तक मॅडम आल्या. उर्वीनं नवे फोटो दाखवले. मॅडम चकित झाल्या, पण मान हलवून म्हणाल्या, "एकीकडे वर्षभराचे फोटो, दुसरीकडे आठवडाभराचे. कदाचित एखादा थवा चुकून उतरला असेल. मी कशावर विश्वास ठेवू?"

"कशावरच नका ठेवू," उर्वी म्हणाली.  "मी आधी सांगते, मग तुम्ही बघा. माझं म्हणणं खरं असेल तर आज दीडच्या सुमाराला पाणी सगळ्यात खाली असेल आणि पक्षी येतील. नाही आले, तर सही करा."

 बाबांनी सकाळच्या भरतीलाच ढोकरीला पाणथळीत सोडलं होतं. थेट चित्र पाठवायला बॅटरी फार लागते म्हणून ती सोय एरवी बंद असे. आज ती चालू केली होती. पडद्यावर नुसतं पाणी दिसत होतं. बारा वाजले, थोडा चिखल उघडा पडला. पक्षी नाही. साडेबारा वाजले, तरी नाही. मॅडमनी पेन बाहेर काढलं. 

मग पडद्याच्या कडेला एक ठिपका दिसला. एक तुतवार उतरला. त्याच्या मागून पाच, मग पन्नास, आणि मग मिठागरांच्या बाजूनं असा थवा उठून आला की पडद्यावरचं आभाळच दिसेना! "आई गं!" कुणीतरी ओरडलं. ज्यांनी या खाडीत केस पांढरे केले ते म्हातारे होडीवाले उठून उभे राहिले. बाबा आ वासून बघत होते. पाणी आणखी ओसरलं आणि रोहित पक्षी आले. आजोबांनी चष्मा काढला आणि तो पुसत बसले, कितीतरी वेळ.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. वर्तक मॅडमनी मात्र वाजवल्या नाहीत. त्यांनी पेनाला टोपण लावलं.

"आमच्या माणसांनी गेल्या दोन वर्षांत कितीतरी खाड्या पाहिल्या," त्या हळूच म्हणाल्या. "पक्षी नाहीत म्हणून यादीतून काढल्या. आम्ही सगळीकडे होडीनंच गेलो होतो."

टाळ्या थांबल्या. मॅडम काय म्हणाल्या ते हळूहळू एकेकाच्या ध्यानात येऊ लागलं. 

"तिथं बांध घातले?" उर्वीनं विचारलं.

"काही ठिकाणी घातले. त्या खाड्या आता परत मिळणार नाहीत." मॅडम म्हणाल्या. "पण बऱ्याच ठिकाणी अजून काम सुरू झालेलं नाही. त्यांतली सगळ्यात जवळची खाडी इथून तासाभरावर आहे."

उर्वी आजोबांकडे वळली. आजोबांनी तिथी बघायला खिशातलं पंचांग काढलं होतं, ते तसंच मिटलं. ते म्हणाले, "तूच सांग. कधी जायचं?"

उर्वीनं बोटांवर हिशेब केला. "उद्या ओहोटी अडीचच्या आसपास. पण आपण नुसत्या ओहोटीला नाही जायचं, आजोबा. भरतीलाही, सकाळीही, संध्याकाळीही. नाहीतर पुन्हा अर्धीच खाडी दिसेल."

मॅडमनी गाडीची चावी टेबलावरून उचलली. "उद्या कशाला?" त्या म्हणाल्या. "आजची ओहोटी अजून संपलेली नाही."