उसवलेले पंख

“या वर्दीला मी हात लावणार नाही,” म्हणत ताईने तापलेली इस्त्री दणकन टेबलावर उभी केली, आणि लाँड्रीतल्या वाफेत धाकट्या भावाचा चेहरा क्षणभर दिसेनासा झाला. दाराशी जीप थांबली होती. ती त्याला चौकशीला न्यायला आली होती.

आई गेल्यावर जिने स्वतःचं लग्न, हौसमौज सगळं गुंडाळून ठेवून इस्पितळाच्या चादरी धुतल्या, हाडाची काडं करून या पोराला वैमानिक केलं, त्याच्या वर्दीच्या छातीवर वैमानिकाची खूण असलेले कापडी पंख आपल्या हातांनी शिवले... तिच्या वाट्याला हे यावं! काल त्याला नदीपलीकडच्या शत्रूच्या छावणीवर बॉम्ब टाकायला एकट्याला धाडलं होतं. तो न टाकताच परत आला.

“तुझे साहेबच म्हणाले ना, बॉम्बचं बटण अडकलं असं सांग म्हणून?” तिचा आवाज चिरकला. “एवढंसं खोटं बोलायला तुझं काय जातं रे? लहानपणी माझ्याशी तर ढिगानं बोललास.”

तशातही तो हसला. “तेव्हा तू पकडायचीस, ताई.” मग हसू मावळलं. “बटण अडकलं म्हटलं तर मी सुटेन. पण आज दुपारी दुसरा जाईल आणि त्याचं बटण अडकणार नाही. ती छावणी नाही गं. विमान खाली आणलं तेव्हा तिथल्या गच्चीवर चादरी दिसल्या, ओळीनं, सगळ्या पांढऱ्या, आणि कडेला तान्ह्या बाळांची दुपटी. आपल्या गच्चीवर मोठा झालोय मी, मला कळत नाही का? इस्पितळ आहे ते. खाटेवर पडलेल्या माणसांवर बॉम्ब टाकायचा हुकूम द्यायचा हक्क कायद्यानं कुणालाच नाही. आणि पाळायचा मला नाही.”

“आणि तुझं विमान? माझी इतकी वर्षं?”

तिला रडू आवरेना, म्हणून ओल्या चादरींची बादली उचलून ती तरातरा गच्चीवर गेली.

चिमटे दातांत धरून तिने पहिली चादर झटकली, तोच डोक्यावरून विमानं कडाडत गेली... आपलीच विमानं, तरी ती दचकून खाली वाकली. दोऱ्यांच्या मधोमध ती तशीच खिळून राहिली. नदीपलीकडेही आत्ता अशीच कुणी बाई दातांत चिमटे धरून उभी असेल, तीही कुणाची तरी ताई असेल, काल तिने विमान वळताना पाहिलं असेल... आणि आपण का वाचलो, हे तिला कधीच कळणार नाही! ताईच्या तोंडातले चिमटे गळून पडले.

ती धावतच जिना उतरली. धाकटा चुरगळलेल्या वर्दीतच जीपमध्ये चढत होता.

“उतर खाली. काढ ती वर्दी.”

“ताई, उशीर होतोय.”

“होऊ दे. खरं बोलायला चाललायस ना? मग असा गबाळ्यासारखा जाणार?”

जीपवाला घड्याळ दाखवत राहिला आणि ताई इस्त्री फिरवत राहिली. पंखांभोवती तर तिने श्वास रोखून इस्त्रीचं टोक फिरवलं.

दुपार तिने कशी काढली ते तिचं तिलाच ठाऊक. जरा घरघर झाली की ती गच्चीवर धावायची. संध्याकाळी तो आला, पायी.

“फोटो काढायला विमान पाठवलं त्यांनी. इस्पितळच निघालं, ताई. आता तिकडे कुणी जाणार नाही.”

आनंदाच्या उमाळ्याने तिने त्याला कवटाळलं. मग हळूच विचारलं, “आणि तू?”

“न विचारता परत फिरलो, एवढा गुन्हा उरलाच. नोकरी गेली. पंख उद्या सगळ्यांसमोर काढून घेणार आहेत.”

शिवणाचा डबा काढून तिने त्याला खुर्चीवर बसवलं.

“परक्याचा हात कशाला लागायला हवा? मी शिवलेत, मीच उसवते.”

एकेक टाका सुटत होता, आणि तिच्या डोळ्यांतलं पाणी सकाळच्या त्या कडक इस्त्रीवर टपटपत होतं.

“हलू नकोस... टोचेल.”

शेवटचा धागा तोडून तिने पंख त्याच्या तळहातावर ठेवले.

“उद्या मान ताठ ठेवून दे त्यांना. आणि लवकर घरी ये. चादरी वाळत घालायला माझी एकटीची उंची पुरत नाही.”