पाठराखणीचं लुगडं

ही गोष्ट खरी आहे. उचगावात घडली, आणि ज्याच्या घरात घडली तो विश्वजित अजून त्याच घरात राहतो. त्याला भेटायचं असेल तर दिवेलागण व्हायच्या आधी जा. नंतर तो कुणाला दार उघडत नाही.

भुतं मध्यरात्रीच येतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी पुढं वाचायच्या भानगडीत पडू नये. इथं जे काही झालं ते संध्याकाळी झालं. ट्यूबलाइटच्या उजेडात, शेजारच्या घरात टीव्हीवर मालिका चालू असताना.

विश्वजित शिरोली एमआयडीसीत लोखंड ओतायच्या एका फौंड्रीत सुपरवायझर. आई-वडील लहानपणीच गेलेले. त्याला वाढवलं आत्तीनं, म्हणजे वडिलांच्या बहिणीनं. धोंडुबाई तिचं नाव. घरात तिघंच. आत्ती, विश्वजित आणि त्याची बायको संयोगिता.

संयोगिता नर्स. दोन वर्षं घोकून घोकून जर्मन भाषेची परीक्षा पास झाली आणि तिकडच्या एका इस्पितळात तिला नोकरी लागली. ठरलं असं, की या दिवाळीनंतर तिनं जायचं आणि पुढच्या दिवाळीला माघारी यायचं. कायमचं.

तिनं जाऊच नये असं विश्वजितला वाटत होतं. पण तो बोलला नाही. बायकोच्या पायात पाय घालणारा नवरा त्याला व्हायचं नव्हतं.

आता पाठराखीण म्हणजे काय, ते नव्या पोरांना माहीत नसेल. नवी नवरी सासरी निघाली की घरातली एखादी जाणती बाई तिच्यासोबत जायची. पोरगी बुजू नये म्हणून. धोंडुआत्तीनं भावकीतल्या निम्म्या पोरींची पाठराखण केलेली. आणि तिचे नियम कडक.

निघताना घरच्या पुरुषानं तिच्या हातात सुपारी द्यायची. ती घेतली की पोरगी रुळेपर्यंत आत्ती तिथनं हलायची नाही. रात्री पोरीच्या दारात आडवी झोपायची. पोरगी रुळली की माघारी येऊन सुपारी परत करायची, आणि घरच्यांनी तिला नवं लुगडं द्यायचं.

लुगडं दिलं की काम संपलं. पोरगी तिकडची झाली.

संयोगिता निघाली त्या दिवशी दारात गाडी उभी होती, बॅगा भरलेल्या होत्या, आणि ही बया उंबऱ्यात बसून रडायला लागली.

"मला न्हाई जमायचं, अहो. तितं कोण हाय माझं?"

आत्ती भिंतीला टेकून मिसरी लावत बसली होती. ती म्हणाली, "मी येतो की पाठराखीण."

संयोगिता रडता रडता हसली. विश्वजितलाही हसू आलं. त्यानं देव्हाऱ्यातली सुपारी उचलली आणि आत्तीच्या हातात ठेवली. "घे. आता हिला एकटी सोडायची न्हाईस बघ."

चेष्टाच होती ती. निघताना बायकोचं तोंड हसरं दिसावं म्हणून केलेली.

आत्ती मात्र हसली नाही. तिनं सुपारी पदराच्या टोकाला बांधली. गाठ दोनदा ओढून बघितली.

"रुळली की म्हागारी येतो," म्हणाली. पुढं रोज लुगडं बदललं की ती सुपारी नव्या पदराला बांधायची.

त्यानंतर महिनाही झाला नसेल. आत्ती दुपारी झोपली ती उठलीच नाही.

अंघोळ घालताना बायकांनी तिच्या पदराची गाठ सोडली. गाठ घट्ट होती. पण आत…

सुपारी नव्हती.

विश्वजितनं ते फार मनावर घेतलं नाही. त्याचं अर्धं आयुष्य त्या दिवशी गेलं होतं, सुपारीचं काय घेऊन बसता. आत्तीची मिसरीची पत्र्याची डबी तेवढी त्यानं आठवणीनं चितेवर तिच्या उशाशी ठेवली. त्या डबीवाचून तिला करमायचं नाही. उघडायच्या आधी ती झाकणावर बोटानं दोनदा वाजवायची. टक… टक. त्या आवाजावर तो लहानाचा मोठा झाला होता.

संयोगिताला त्यानं काही कळवलं नाही. ती आधीच रोज फोनवर रडायची. खोली एवढीशी, दुपारीच अंधारून येतंय, पेशंट काय बोलतात ते नीट कळत नाही, जेवण घशाखाली उतरत नाही. यात आत्ती गेल्याचं कळलं असतं तर नोकरी टाकून निघाली असती. थोडी रुळू दे, मग सांगू, असं म्हणत तो रोज ढकलत राहिला.

"आत्ती कुठं हाय?"

"शेजारी गेलीया."

रोजचा फोन दिवेलागणीला असायचा, व्हिडिओवर. इथं संध्याकाळ, तिथं दुपार. ती सकाळची ड्यूटी करून आलेली असायची. विश्वजित फोन पिठाच्या डब्याला टेकवून भाकरी थापायचा आणि ती जर्मनीतनं चुका काढायची. कारखान्यात सोबत काम करणारा केरबा त्याच्या डब्यातली भाकरी बघून म्हणायचा, "ही भाकरी केलीस का कास्टिंग पाडलंस?" विश्वजित हसण्यावारी न्यायचा. घरी आल्यावर मात्र ते रिकामं घर खायला उठायचं.

आणि एके दिवशी संयोगिता रडली नाही.

"जेवलीस?"

"जेवले की. काल झोप बी चांगली लागली. एक सांगू? झोप लागता लागता आत्तीची डबी वाजल्यागत वाटतंय मला. हीटरचा आवाज असंल. पण बरं वाटतंय."

विश्वजितच्या हातातली भाकरी हातातच राहिली.

तो काही बोलणार, तेवढ्यात फोनमधून…

टक… टक.

त्यानं फोन जवळ घेतला. तिच्या मागं पलंग होता, खिडकी होती, बाहेर बर्फ होतं. माणूस कुणी नव्हतं. पण दाराशी जमिनीवर काहीतरी अंथरलेलं दिसत होतं.

आत्तीनं जुन्या लुगड्यांची शिवलेली वाकळ. संयोगिता जाताना घेऊन गेली होती ती.

"वाकळ खाली का टाकलीस गं?"

तिनं वळून बघितलं.

"मी न्हाई टाकली," म्हणाली. "पलंगावरच होती की."

दुसऱ्या दिवशी तीच वाकळ, तिथंच. आणि टेबलावर चहाचे दोन कप. संयोगिताला विचारलं तर म्हणाली, "ह्यॅ, चुकून केला दोघांचा."

पुढं रोजच दोन कप दिसायला लागले.

शेवटी त्याला राहवलं नाही. त्यानं सांगून टाकलं, की आत्ती गेली, तू गेल्यावर महिन्याच्या आतच गेली.

संयोगिता रडेल असं त्याला वाटलं होतं. ती रडली नाही. मग हळूच तिची नजर दाराकडं गेली. तिथं तिला काय दिसलं, ते तिनं आजवर सांगितलेलं नाही.

"मग राहू दे की," ती म्हणाली.

"काय राहू दे? संयू, डोकं फिरलंय का तुझं? खोली बदल. ती वाकळ टाकून दे."

"तुमाला काय होतंय बोलायला? तुमी आपल्या घरात हायसा. मी हितं एकटी हाय. ती हाय म्हणून झोप लागालीया मला."

विश्वजितला राग आला. भीतीचाच राग तो. त्यानं फोन तोंडाजवळ धरला आणि संयोगिताच्या मागच्या रिकाम्या दाराकडं बघून मोठ्यानं म्हणाला, "आत्ती, बास झालं. सोड तिला. म्हागारी ये."

तिकडं सगळं शांत झालं.

आणि मग…

"अजून न्हाई."

आवाज फोनमधूनच आला. पण संयोगिताचे ओठ हलले नव्हते.

"काय म्हणालीस?" त्यानं विचारलं.

"मी कुठं काय बोलले?" ती म्हणाली.

त्यानंतर विश्वजितनं तो विषय काढला नाही. उन्हाळा गेला, पावसाळा गेला. रोज फोनवर टक टक ऐकायची सवय झाली त्याला. बायको काय बोलते याकडं त्याचं निम्मं लक्ष, निम्मं त्या आवाजाकडं. आवाज आला की अंगावर काटा यायचा. आणि हा आवाज एकदाचा बंद होऊ दे, म्हणून तो रोज देवाला हात जोडायचा.

संयोगिता मात्र बदलत चालली होती. हसायला लागली. सायकल शिकली. बोलता बोलता मधेच दारावर कुणी आलं तर त्यांच्या भाषेत फडाफडा बोलून यायची. भाकरीच्या चुका काढायचं तिनं कधी बंद केलं, ते त्याच्या ध्यानातही आलं नाही.

दिवाळी जवळ आली. विश्वजितनं घर रंगवून घेतलं. तिच्या आवडीचा रंग, फिका हिरवा.

आणि एक दिवस संध्याकाळी फोन लागला. तिच्या मागची खोली लख्ख दिसत होती. वाकळ घडी करून कपाटावर ठेवलेली. कप एकच.

विश्वजित कान देऊन ऐकत राहिला.

काही नाही.

आज टक टक नव्हती. त्याला एवढं हलकं वाटलं, की डोळ्यांत पाणी आलं. गेली बाई एकदाची. सुटली पोरगी. आता दिवाळीला येईल, आणि हे सगळं संपेल.

"अहो," संयोगिता म्हणाली, "एक सांगायचं होतं. रागवू नका."

तेवढ्यात…

मिसरीचा वास आला.

फोनला वास नसतो. वास घरातच होता. नव्या रंगाच्या वासातनं वर येणारा, जळक्या तंबाखूचा.

आणि मागं, आतल्या खोलीत, आत्ती जिथं भिंतीला टेकून बसायची तिथनं…

टक… टक.

विश्वजितनं मागं वळून बघितलं नाही. त्याची नजर समोर उंबऱ्याकडं गेली. सकाळी त्यानं स्वतःच्या हातानं उंबरा पुसला होता.

उंबऱ्यावर सुपारी होती.

फोनवर संयोगिता बोलत होती. नवा करार, दिवाळीची सुट्टी मिळत नाही, आता इथं बरं वाटायला लागलंय, तुम्हीच या की इकडं… त्याला सगळं ऐकू येत होतं आणि काहीही नवीन वाटत नव्हतं. तिनं तोंड उघडायच्या आधीच त्याला कळलं होतं.

पोरगी रुळली होती.

दुसऱ्या दिवशी तो शाहूपुरीच्या बाजारात गेला आणि आत्ती नेसायची तसलं हिरवं लुगडं घेऊन आला. ते अजून पिशवीतच आहे. त्यानं ते दिलेलं नाही. द्यायचं धाडस होत नाही असं नाही. पण एकदा लुगडं दिलं की काम संपलं, आणि मग संयोगिता कायमची तिकडची.

फोन अजून येतो. रोज नाही, सुट्टी असली की येतो. विश्वजित पिशवी कपाटात ठेवून बाहेरच्या खोलीत बसतो, टीव्हीचा आवाज मोठा करून.

दिवेलागण झाली की आत आत्ती डबी वाजवते. आधी दोनदा वाजवायची.

हल्ली ती थांबत नाही.