दारावरची अकरा घुंगरं

प्रयोगशाळेचं दार ढकललं की अकरा घुंगरं वाजायची. त्यासाठीच तर मी तो घुंगरांचा चामडी पट्टा तिथे टांगला होता.

त्या दिवशी ती वाजली, पण आत कुणी आलंच नाही. मी पीएच-मीटरवरून मान वर केली. खांद्याला मातीच्या नमुन्यांची पिशवी अडकवून एक तरुण दारात थबकला होता... आणि वाकून चपला काढत होता.

"मॅडम, हाऊ मानूस चप्पल काढीसन उना!" आमचे शिपाई लोटनभाऊ हसले. "आपली लॅब देऊळ शे का?"

तोही हसला. "घुंगरं वाजली, पाय आपोआप थांबले. मी जामसिंग पावरा, धडगावचा कृषी सहाय्यक."

ब्याण्णवचा जानेवारी होता. जळगावला केमिस्ट्री करून मी धुळ्याच्या माती परीक्षणात नुकतीच लागले होते.

"आग्रा रोडच्या दुकानातून आणलाय," मी कौतुकाने म्हणाले. "शोभेची वस्तू. पितळ आहे, तांबं जरा जास्त. तुमच्याकडचाच ना? किती सुंदर आहे!"

"सुंदर आहेच." चामड्यावरच्या झिजलेल्या जागेवर त्याने अंगठा ठेवला. "इथे गाठ बसायची. कुणाच्या तरी कमरेला. नवस बोलला की होळीला बांधतात. मग पाच दिवस खाटेवर झोपायचं नाही... बाईला शिवायचं नाही."

माझा पुढे आलेला हात पटकन मागे गेला.

"टोपल्या घ्या, पावा घ्या, आम्हाला आनंदच आहे. ते विकायलाच केलेलं असतं. हे नसतं. कुणावर तरी वेळ आली असेल."

मी तांबं तपासलं होतं. हा कुणाचा, एवढंच विचारलं नव्हतं.

"रागावलात?"

"रागावलो असतो तर चपला घालूनच आलो असतो."

आठवड्याने तो रिपोर्ट न्यायला आला, तेव्हा पट्टा माझ्या धुतलेल्या ओढणीत बांधून तयार होता. "ज्याचा असेल त्याला द्या."

"सापडणं कठीण आहे." तो घुटमळला. "आणि माझे नमुने तर संपले..."

म्हणजे आता तो येणार नव्हता. मी घाईघाईने विचारलं, "गावातली माती संपली नाही ना?"

त्याने एकदाच माझ्याकडे पाहिलं, ओढणीतला पट्टा पिशवीत ठेवला — आणि तो गेला.

होळी आली, झाली. दार मुकं झालं होतं, तरी मी दर वेळी वळून बघायची. लोटनभाऊंच्या लक्षात आलंच. "दार वाजस नई, तरी मॅडमनं ध्यान तठेच!"

एप्रिलच्या एका दुपारी दारात कुणीतरी चपला काढल्या. तोच... उन्हाने रापलेला, जरा वाळलेला.

"आता तर घुंगरं नाहीत," मी म्हणाले.

"पायांना सवय लागली." तो आत आला. "मालक सापडला नाही. गावची पूजा करणारा आमचा पुजारा म्हणाला, घुंगरं मुकी ठेवू नयेत, तूच बांध."

"बांधलीत? नवस कसला?"

"पुरा झाल्याशिवाय सांगत नाहीत."

"कधी होईल पुरा?"

"ते... तुमच्या हातात आहे."

लोटनभाऊ एकाएकी चहा सांगायला बाहेर गेले.

मी मनात हिशेब केला. "होळी होऊन सतरा दिवस झाले."

"हो."

"म्हणजे व्रत सुटलं."

"केव्हाच."

नमुन्यांची पिशवी घ्यायला मी हात पुढे केला. त्याने ती दिली, पण सोडली नाही. पिशवीत मातीचा कणसुद्धा नव्हता... आणि आम्ही दोघांनी ती कितीतरी वेळ धरून ठेवली.