एकतीस रिकामे रकाने

पटलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या. पण हे माझ्या बाबतीत घडलंय. भर दुपारी, डोळे टक्क उघडे असताना.

रविवार होता. दोन वाजले होते. जागा म्हणजे एक स्कॅन सेंटर, जिथे माझी थोरली बहीण अकरा वर्षं नोकरीला होती. पेशंटच्या नोंदी तिच्याकडे असायच्या. तीन महिन्यांपूर्वी ताई झोपेतच गेली. तिचा कॉम्प्युटर भंगारात गेला. खोलीत टेबल-खुर्ची तेवढी उरली.

नोंदींची फाईल एका जुन्या मशीनवर होती आणि बाकीच्या टेबलांवरचे प्रोग्राम तिला जोडलेले होते. फाईल सारखी अडकायची. तिथल्या कॉम्प्युटरचं काम मी बघतो. सेंटरच्या डॉक्टरबाई मला म्हणाल्या, सगळं सर्व्हरवर हलव, सोमवारी आठला पहिला पेशंट आहे. हे काम सेंटर बंद असतानाच करावं लागतं. म्हणून मी एकटा.

स्कॅनआधी शिरेत एक औषध टोचतात. काहींना ते सोसत नाही, जिवावर बेततं. त्यासाठी नोंदीत ॲलर्जीचा रकाना असतो. जुन्या फाईलमध्ये तिथे काहीही लिहिता यायचं. मी जास्तीचा शहाणा. सर्व्हरवर तो फक्त हो-नाहीचा केला.

मग एक नोंद उघडली, फोन नंबर बदलला, सेव्ह दाबलं...

स्क्रीनवर आलं, ही नोंद दरम्यान दुसऱ्या कोणीतरी बदलली आहे.

इमारतीत दुसरं कोणी नव्हतं.

घाबरलो नाही हं. आमच्या धंद्यात हे नेहमीचं. असा रकाना सर्व्हरवर रिकामा राहिला की जुना प्रोग्राम गोंधळतो आणि काहीही बरळतो. उपायही ठरलेला. रिकाम्या जागी सरसकट ‘नाही’ भरून मोकळं व्हायचं. एकतीस नोंदी निघाल्या. एका फटक्यात भरल्या.

पुन्हा मोजलं.

एक रिकामी... एका बसड्रायव्हरची.

भरली.

तेवढ्यात आतल्या खोलीतून आवाज आला... टक. टक. टक.

ताई एकाच बोटाने टाइप करायची. त्यावरून मी तिला किती चिडवलंय.

उठून बघितलं. टेबल. खुर्ची. बाकी काही नाही.

परत आलो... तीच नोंद रिकामी.

कुठल्या मशीनवरून बदल झाला ते सर्व्हर लिहून ठेवतो. ती यादी उघडली.

ताईच्या मशीनचं नाव होतं.

मी आतल्या दाराकडे बघून म्हणालो, “ताई, पुरे गं. मला काम संपवू दे.”

आवाज थांबला. मग... दुप्पट वेगाने सुरू झाला.

मला भीती वाटली की राग येतो, लहानपणापासूनची खोड. मी सर्व्हरवर नियमच टाकला, हा रकाना रिकामा ठेवता येणार नाही. पुन्हा ‘नाही’ भरलं. आत टकटक बराच वेळ चालली होती. रकाना मात्र हलला नाही. मी दार ओढून घेतलं आणि जिना उतरलो. मला वाटलं, जिंकलो.

सोमवारचा पहिला पेशंट तो बसड्रायव्हर होता.

स्क्रीनवर ‘नाही’ दिसलं. टेक्निशियनबाईंनी औषध टोचलं. दोन मिनिटांत त्याचा श्वास अडकला. दुपारपर्यंत तो गेला.

टेक्निशियनबाई रडत मला म्हणाल्या, “ताई विचारल्याशिवाय तो रकाना कधीच भरायच्या नाहीत हो. रिकामा दिसला की आम्ही आधी पेशंटला विचारायचो. मग याच्या नोंदीत त्यांनी ‘नाही’ कसं लिहिलं?”

मी ‘बघतो’ म्हणालो आणि कॉम्प्युटरकडे वळलो.

त्याच दिवशी मी नियम काढला आणि उरलेले तीस रकाने गुपचूप रिकामे केले. बदलांची यादी पुन्हा उघडली. त्यात फक्त माझं मशीन होतं. ताईच्या मशीनचं नाव कुठेच नव्हतं. मी ते स्वतःच्या डोळ्यांनी वाचलं होतं.

चौकशी झाली. बदलांची यादी कोणी मागितलीच नाही. नोंदी ताईच्या, म्हणून चूक ताईची ठरली. गेलेल्या माणसावर ढकलणं सगळ्यांनाच सोयीचं होतं. मलाही.

परवा ताईची मुलगी घरी आली होती. तिच्या कॉलेजात कुजबूज होते म्हणे. खाली बघत तिने विचारलं, “मामा, आईच्या हातून खरंच माणूस गेला का रे?”

खरं सांगतो, मी वाट बघत होतो... एखादा आवाज येईल, काहीतरी पडेल.

घरात पंख्याशिवाय कसलाच आवाज नव्हता.

“माणूसच होती गं,” मी म्हणालो. “झाली असेल चूक.”

या वेळी मला कोणी अडवलं नाही.