नमतं घेणारे मोजे

वापर पहिला. ९७.

मनगटावरचं घड्याळ काढून सालोमीने ओट्यावर ठेवलं आणि नवऱ्याचे हात घातले.

हात म्हणजे खांद्यापर्यंत येणारे करड्या रंगाचे हातमोजे. त्यांच्या कापडात केसाहून बारीक तंतू विणलेले होते. वीज मिळाली की ते स्नायूंसारखे आखडत. तिच्या नवऱ्याला, शांतवन ओहोळांना, कंपवात असल्याचं निदान झालं तेव्हा इस्पितळाने ते दिले होते. हात स्थिर आहेत तोवर मोजे घालून रोजची कामं करायची. कुठलं बोट किती जोराने, किती वेगाने हललं ते मोजे टिपून ठेवणार. पुढे थरथर वाढली की तीच हालचाल ते बोटांना परत देणार. डॉक्टर याला हस्तस्मृती म्हणत.

शांतवन नगरच्या शाळेत तीस वर्षं सुतारकाम शिकवत होते. ते रंधा मारणं टिपून ठेवतील असं डॉक्टरांना वाटलं होतं. त्यांनी टिपले भोपळ्याचे गोड रोल.

"टेबल कुणीही करेल," ते डॉक्टरांना म्हणाले होते. "सुगीच्या सणाला चर्चमध्ये माझे रोल कोण नेणार? ही? हिचे रोल शिस्तीत बसलेले असतात. मुलांनी शिस्त खायची का?"

"आणि यांचे रोल लोळत असतात," सालोमी म्हणाली होती. "एकाला उचललं की चार येतात."

थरथर वाढायची वेळच आली नाही. ऑगस्टमध्ये शांतवन दुपारचे झोपले ते उठले नाहीत.

आता ऑक्टोबर होता. उकडून गाळलेला लाल भोपळा, गूळ, मैदा, फसफसून वर आलेलं यीस्ट, आणि सुंठ, दालचिनी, जायफळ. सालोमीने परातीत हात घातले आणि खांद्यापासून पुढचे हात तिचे राहिले नाहीत. ती मनगटाने मळायची. हे हात खांद्यातून मळत होते, फळी तासावी तसे, लांब लांब. पीठ लाटून झालं, मसाला पसरला, वळकटी झाली. मग दोन्ही हात आपोआप उचलले गेले आणि वळकटीवर दोन थापा पडल्या. थप, थप. पूर्ण झालेल्या कामावर शांतवन अशाच थापा मारायचे. टेबलावर, दारावर, एकदा नुकत्याच जन्मलेल्या रूथच्या पाठीवर.

सालोमी हसली. मग जमिनीवर बसली आणि पीठ लागलेल्या मोज्यांत तोंड लपवून बराच वेळ तशीच राहिली.

वापर दुसरा. ८१.

"अहो, डावीकडे जाड राहतंय," ती मोठ्याने म्हणाली आणि मनगट दाबलं.

मोजा क्षणभर अडला. मग त्याने नमतं घेतलं.

अडतीस वर्षांच्या संसारात हे कधी झालं नव्हतं. शांतवन "बरं" म्हणायचे आणि आपलंच करायचे. सालोमीला गंमत वाटली. तिने जायफळाची चिमूटही आखडती घेतली. मोज्याने तेही ऐकलं.

"आता कसे वळणावर आलात," ती म्हणाली.

संध्याकाळी पुण्याहून मुलीचा, रूथचा, फोन आला तेव्हा सालोमीचा आवाज कितीतरी दिवसांनी हलका होता. "सगळं छान चाललंय गं. फक्त यांची बॅटरी लवकर उतरते. मनगटावर आकडा येतो ना, मागच्या शनिवारी सत्त्याण्णव होता, आज एक्क्याऐंशी. रात्रभर चार्जिंगला लावलं तरी चढत नाही."

"जुनी झाली असेल. मी आले की बघते."

वापर तिसरा. ६४.

दोऱ्याने वळकटी कापताना शांतवन दोरा तिरका धरायचे. तिने सरळ धरला.

वापर चौथा. ४६.

शेजारच्या रणदिवेबाई रोल खाऊन म्हणाल्या, "अगं, सर असते तर लाजले असते. काय सुबक! सगळे एका मापाचे."

सालोमी खूश होऊन स्वयंपाकघरात आली. ओट्यावर दुसरी वळकटी तयार होती. तिने मोजे पुन्हा चढवले, हात वळकटीवर धरले आणि थांबली. थापा पडायच्या होत्या. ती थांबून राहिली. हात तसेच अधांतरी होते. मोजे शांत होते, काम संपल्यासारखे.

वापर पाचवा झाला नाही.

रूथ शनिवारी सकाळीच आली. तिने मोजे उलटसुलट केले, सोबतची पुस्तिका उघडली, आणि तिसऱ्या पानावर तिचा चेहरा उतरला.

"आई, ही बॅटरी नाहीये."

"मग?"

"याला जुळणी म्हणतात. मोज्यातली हालचाल पप्पांच्या मूळ हालचालीशी किती जुळते, तो आकडा."

सालोमीने पुस्तिका हातात घेतली, पण वाचली नाही. "म्हणजे काय? नीट सांग."

रूथने इस्पितळाच्या तंत्रज्ञाला फोन लावला आणि फोन ओट्यावर ठेवला. तो तरुण माणूस जपून बोलत होता. मोजे रुग्णासाठी आहेत, तो म्हणाला. रुग्णाच्या हाताची ताकद दर आठवड्याला बदलते. म्हणून घालणाऱ्याचा हात जिथे विरोध करतो तिथे मोजा ढिला पडतो आणि तीच हालचाल बरोबर समजून लक्षात ठेवतो. जुनी पुसली जाते.

"मूळ नोंद तुमच्याकडे असेल ना?" रूथने विचारलं.

"सरांनी ठेवू दिली नाही, मॅडम. तसं सही करून दिलंय. माझे हात माझ्या घरात राहतील, म्हणाले."

सालोमी खुर्चीवर बसली. "मी त्यांना नुसतं जाड राहतंय म्हटलं," ती म्हणाली. "ते तर मी रोजच म्हणायचे."

मग तंत्रज्ञानेच विचारलं, "उरलंय ते गोठवू का? इथूनच करता येईल. मग मोजे काहीही शिकणार नाहीत. पण नमतंही घेणार नाहीत. घालणाऱ्याने जोर केला तर तंतू तुटतील आणि सगळंच जाईल. ज्यांच्या हाताला या कामाची सवय आहे, त्यांनी मात्र पुन्हा घालू नयेत."

"मी हात सैल सोडेन," सालोमी घाईने म्हणाली.

"आई," रूथ हळूच म्हणाली, "तू माझ्या लग्नात भटारखान्यात शिरून आचाऱ्याच्या हातातली कणीक काढून घेतली होतीस."

सालोमीने आपल्या हातांकडे पाहिलं. बोटं मांडीवर पडली होती आणि तरीही किंचित हलत होती, काहीतरी सारखं करत असल्यासारखी. तिला त्यांचा राग आला. असा राग तिला स्वतःच्या शरीराचा कधीच आला नव्हता.

"गोठवा," ती म्हणाली. "रूथ घालेल. हिला चहासुद्धा धड येत नाही. हिचे हात काही बोलणार नाहीत."

"आई, नको. तुझे आहेत ते."

"घाल म्हणते ना."

पीठ फुगून तयार होतं. रूथने मोजे चढवले आणि डोळे मिटले. सालोमी ओट्यापासून लांब, दाराजवळच्या स्टुलावर बसली. दोन्ही तळवे तिने मांडीखाली दाबून ठेवले.

रूथचे खांदे पुढे झुकले. लांब रेटा, परत, पुन्हा रेटा. पोळी लाटली जाऊ लागली. डावीकडे जाड राहत होती, मग अचानक राहत नव्हती. सालोमीचं सगळं अंग पुढे ओढलं जात होतं. ती स्टुलाला चिकटून राहिली.

"काय वाटतंय?" तिने विचारलं. "सांग ना. हाताला काय वाटतंय?"

"विचित्र आहे गं." रूथचे डोळे मिटलेलेच होते आणि गाल ओले झाले होते. "कुणीतरी जोरात पुढे नेतंय. मग मध्येच थांबवतंय. मग बोटं अशी जरा आत वळतात, हळूच, कडा सारखी करतात. खूप हळू. कुणाला दुखू नये तशी." तिने श्वास घेतला. "हे इथलं... हे पप्पा ना?"

सालोमीने मुलीच्या करड्या बोटांकडे पाहिलं. बोटं पिठाची कड आत घेत होती, पुन्हा आत घेत होती. तिने तोंड उघडलं. अडतीस वर्षं ती या हातांच्या शेजारी उभी राहिली होती, एकाच ओट्यावर, एकाच परातीत. आणि तिला सांगता येईना.

"आई? बोल ना. हे पप्पा की तू?"