सहा ठिपक्यांच्या भुंगेऱ्याची चिठ्ठी

चोराने भुंगेरा तसाच सोडला आणि त्याखालची नखाएवढी चिठ्ठी नेली.

"येडा चोर!" नंदू म्हणाला.

"गप रे." धम्मपाल काचेच्या पेटीवर वाकला. वाकोल्याचा हा डिटेक्टिव्ह, नंदू त्याचा असिस्टंट. मुलुंडच्या या घरी त्यांना दीप्तीने बोलावलं होतं.

पेटीत तिच्या बाबांनी जमवलेले अँथिया, म्हणजे जमिनीवर पळणारे काळेकुट्ट भुंगेरे. बाबा जाऊन वर्ष झालं. उद्या पेटी अंधेरीच्या एका कॉलेजात जाणार होती.

"चिठ्ठी नसेल तर हा सहा ठिपकेवाला घेणार नाहीत," दीप्ती म्हणाली. "बाबांचा सगळ्यात लाडका! काल मुकुल सर पेटी बघून गेले, आज चिठ्ठी गायब."

तिथेच उभा असलेला कॉलेजचा मुकुल उसळला. "मी कशाला नेऊ? चिठ्ठीवर जागा, साल आणि पकडणाऱ्याचं नाव असतं. पकडेल त्याचंच नाव, नियम पक्का. ती गेली की भुंगेरा माझ्यासाठी कचरा!"

"आणि काकू?" धम्मपालने विचारलं.

"आई?" दीप्ती म्हणाली. "तिने पेटीला कधी हात लावला नाही. बाबा तिला नुसतं 'अगं' म्हणायचे. जन्मात नाव घेतलं नाही."

दीप्तीची आई, वनमालाबाई, सोफ्यावर बसल्या होत्या. मोबाईलची पाठ तळहाताशी घट्ट दाबलेली.

नंदूने भुंगेऱ्याकडे बोट नेलं.

"जिवंत असता तर पिचकारी मारली असती," त्या म्हणाल्या. "तासभर बोटं जळतात."

धम्मपाल गालात हसला. "काकू, पेटीचा एक फोटो काढा ना. आठवण म्हणून."

मोबाईल हलला नाही.

"काय झालं?" नंदूने विचारलं.

"अरे, चोराला भुंगेरा नको होता, अक्षर हवं होतं. सरांचा तर तोटाच. दीप्तीने आपल्याला बोलावलं. राहिलं कोण? बोटं तासभर जळतात हे पकडणाऱ्यालाच माहीत. म्हणजे हा काकूंनी पकडला. मग चिठ्ठीवर नाव कुणाचं?"

वनमालाबाईंनी मोबाईल उलटा केला. पारदर्शक कव्हरमागे पिवळी पडलेली चिठ्ठी.

"आई!"

"चौतीस वर्षं 'अगं', 'अगं'. हे एकदाच लिहिलं गं त्यांनी. कॉलेजच्या कपाटात कोण वाचणार?"

दीप्ती आईच्या शेजारी जाऊन बसली.

शेवटी वनमालाबाईंनी चिठ्ठी काढून मुकुलला दिली. "घ्या. त्यांचा लाडका होता. पण लावायच्या आधी मोठ्याने वाचा."

"आरे कॉलनी, १९८९. वनमाला."

त्यांनी डोळे मिटले.

"असं नाही. जरा घाईत वाचा. ह्यांना नेहमी घाई असायची."