थांब्यावरचा लिंब

"हात लावू नका त्या खड्ड्याला!"

मी एवढ्या जोरात ओरडले, की वाकून खणणाऱ्या त्या तरुणाची कुदळ हवेतच थांबली. त्याने वर पाहिलं. केसांत तांबडी माती, कपाळावर घाम, आणि डोळे... असे, की पुढे काय बोलायचं तेच मी विसरले. पण राग होता ना! रागानं सावरून घेतलं.

"का? काय पुरून ठिवलंय का ह्यात?" तो हसला.

"व्हय. गेल्या सालचं झाड पुरलंय. आन् त्येच्या खाली त्येच्या आदल्या सालचं!"

पंचाहत्तरचा जुलै होता. आटपाडीकडच्या आमच्या गावात नुसता वारा सुटला होता, ढग वरच्यावर पळत होते. दुसऱ्या दिवशी वनमहोत्सव. मोठे पाहुणे येणार, हार घालून घेणार, फोटोपुरतं एक रोप लावणार आणि धुरळा उडवत निघून जाणार. दरसाल हेच. तेच खड्डे, तेच भाषण. मागे पाणी नाही, कुंपण नाही... दिवाळीपर्यंत रोपांच्या काड्या.

हे सगळं मी त्याला एका दमात ऐकवलं. माझी मेंढरं मागे पांगली, तरी थांबले नाही. ऐकता ऐकता त्याचं हसू मावळलं. त्याने खड्ड्यातली वाळकी काडी उपसली आणि बोटांत फिरवत राहिला.

"करंज हाय," तो हळू म्हणाला. "म्याच वाढवल्याला. साताऱ्याकडं रोपवाटिकेत कामाला हाय मी, जोतीराम. सायब म्हनले हुते, समदी रोपं जगली म्हनून..."

"म्हननाऱ्यांना काय जातंय! तुमी कुटलं?"

"मेढ्याकडचा. आमीबी धनगरच, डोंगरातलं. आमच्यात काठी रवली तरी पालवी फुटती. झाडाला पानी घालायचं असतं, ह्येच ठावं नव्हतं मला."

"मंग आता झालं ठावं."

"झालं की." त्याच्या डोळ्यांत पुन्हा हसू आलं. "तुमी समद्यांसंगं आशाच भांडता, का... माझ्यासंगंच?"

"झाडं मारनाऱ्यांसंगं भांडते."

"मंग मला वगळा. मी तर वाढवनारा."

मेंढरांना हाळी दिली आणि चालू लागले. कानशिलं तापली होती... आणि ऊन तर केव्हाच उतरलं होतं.

सकाळी मेंढरं घेऊन एसटीच्या थांब्यापाशी आले, आणि पाय जमिनीला खिळले. थांब्यावर एक मोठा कडुलिंब होता. मी रांगत होते तेव्हा माझ्या आईनं, बयाबाईनं, लावलेला. बहात्तरच्या दुष्काळात प्यायला पाणी नव्हतं, तेव्हाही ती भांडी विसळलेलं पाणी त्याच्या बुडाशी ओतायची. त्या लिंबाखाली सरपंच नानासो उभे होते. शेजारी जोतीराम. आणि त्याच्या हातात कुऱ्हाड!

"मांडवाच्या आड येतंय," नानासो त्याला सांगत होते. "पाव्हन्यांची मोटार पार मांडवातल्या कट्ट्यापतोर आली पायजे. चल, घाल घाव!"

झाडं लावायच्या सोहळ्यासाठी झाड तोडायचं! माझं डोकं सणकलं. काठी उगारून मी सगळी मेंढरं लिंबाखाली घातली. सावली मिळाल्यावर ती हलतात कुठली? खोडाला टेकून बसलीच.

"वाढवनारा म्हनत हुता न्हवं?" मी जोतीरामपुढे उभी राहिले. "आता घाला घाव! आदी माज्यावर, मंग लिंबावर!"

त्याने माझ्याकडे बघितलं. लागलं होतं त्याला... खोल लागलं होतं. मग तो नानासोंकडे वळला.

"सरपंच, मगापास्नं तुमास्नी न्हाईच म्हनत हुतो," तो म्हणाला. "तुमी कुऱ्हाड हातात कोंबली, म्हनून धरली." त्याने ती नानासोंच्या पायाशी ठेवली. "मला रोपं वाढवायचा पगार मिळतो."

"तुज्या सायबाला सांगतो! उद्यापास्नं घरी बसशील!"

"सांगा की. जो यील त्येला मी आडवीन."

आणि तो मेंढरांतून वाट काढत आला, माझ्या शेजारी उभा राहिला. मध्ये जेमतेम एका कोकराएवढं अंतर.

मोटारीचा भोंगा वाजला तशी पळापळ झाली. नानासोंना मांडव बाजूला ओढून घ्यावा लागला. पाहुणे उतरले, आणि उन्हाला वैतागून सरळ आमच्या लिंबाखाली येऊन उभे राहिले! मेंढरांच्या गराड्यात उभं राहून वृक्ष वाचवा म्हणून भाषण केलं, रोप लावलं, गेले. रोपावर तांब्याभर पाणी ओतायलाही कुणी थांबलं नाही.

जोतीरामला मात्र पाहुण्यांबरोबर आलेल्या त्याच्या साहेबानं तिथल्या तिथे कामावरून काढलं.

"आन् तुमी हसताय?" मी चिडून म्हणाले. "त्यास्नी हार, आन् तुमाला ह्ये बक्षीस!"

"तुमी माझ्यासाटी भांडताय... म्हनून हसतोय."

रोपं घेऊन आलेला ट्रक रिकामा झाल्यावर त्याला न घेताच परत गेला. तो आठवडाभर गावातच राहिला. बाभळीच्या काट्या तोडून त्याने एकेका रोपाला कुंपण घातलं. मी विहिरीवरून घागरी आणत होते. बोलणं कमी, बघणंच जास्त. एकदा घागर देता-घेता बोटं लागली, आणि निम्मं पाणी रस्त्यावरच सांडलं.

मग एका सकाळी तो अंगावर धुतलेला सदरा घालून आमच्या दारात आला. माझे वडील, आकाराम, ओसरीवर लोकर पिंजत होते.

"आवं मामा... तुमची हरणा मला द्याल का? शेजारच्या वाडीच्या मळ्यात कलमं बांधायचं काम मिळालंय."

आईच्या हातातलं सूप थांबलं. वडिलांनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"पोरगी लय भांडखोर हाय, पाव्हणं. हिच्यासंगं भांडायची ताकद हाय का तुमच्यात?"

"न्हाई," जोतीराम म्हणाला. "मी हिच्या बाजूनं भांडीन."

वडील मोठ्यानं हसले. आईनं डोळ्यांना पदर लावला. अशा वेळी मुलींनी आत पळायचं असतं... मी पळाले नाही. रिकामी घागर उचलली आणि उंबऱ्याबाहेर आले.

"मंग हुबं का? ऊन चढायच्या आत पानी घालाय हवं."

त्याने माझ्या हातातली घागर घेतली. आणि आई-वडिलांच्या देखत, पहिल्यांदाच एकेरीत म्हणाला—

"चल, हरणा."